माथ्यावरून मोजलेलं रान

१८५३ हे साल आपल्या लक्षात आहे ते बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या आगगाडीमुळे. त्याच साली मुंबईत एक कबुलीही नोंदवली गेली. तिची आठवण फारशी कुणी काढत नाही. मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाचे सरन्यायाधीश राहिलेले सर अर्स्किन पेरी यांनी एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेसाठी हिंदुस्थानातल्या भाषांच्या प्रदेशांवर लिहिलं. ओघात ते गोंडवनापाशी, म्हणजे मध्य हिंदुस्थानातल्या गोंडांच्या मुलखापाशी, आले आणि अडले. तिथले डोंगर आणि जंगलं अजून कुणी धड पाहिलेलीच नाहीत, आमच्या नकाशांत तेवढा पट्टा वेगळाच उठून दिसतो, असं त्यांनी मोकळेपणाने लिहून टाकलं.

विशेष म्हणजे तोवर हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू होऊन पन्नास वर्षं झाली होती. दीडशे-दोनशे किलोमीटर दूर तराईत उभं राहून हिमालयाच्या शिखरांची उंची काढणारे लोक याच खात्यात होते. जगातलं सर्वांत उंच शिखर कोणतं, याचा हिशोब त्यांच्या टेबलावर जवळपास तयार होता. नेपाळमधल्या त्या शिखरावर कुणी पाऊलही ठेवलेलं नव्हतं. पण नागपूरपासून काही मुक्कामांवर असलेल्या सालेकसा-दरेकशाच्या, चिचगडच्या, नवेगावच्या टेकड्यांबद्दल विचारलं असतं, तर हेच लोक गप्प बसले असते.

या टेकड्यांचा पट्टा म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्याचा पूर्वेकडचा आणि दक्षिणेकडचा भाग. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा काढलेला हा जिल्हा धानाचा आणि तलावांचा म्हणून ओळखला जातो, आणि ते बरोबरच आहे. वैनगंगेकडचा भाग सपाट आहे, समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर. पण आमगावच्या पुढे सालेकशाकडे निघालं, किंवा देवरीहून चिचगडच्या रस्त्याला लागलं, की जमीन उसळायला लागते. इथे सह्याद्रीसारखे उघडे काळे कडे नाहीत. हा दख्खनच्या लाव्ह्याचा प्रदेशच नव्हे. खाली ग्रॅनाइट आणि त्याहून जुने खडक आहेत. टेकड्या बुटक्या, गोलसर, एकीसारखी दुसरी, आणि अंगभर सागवान, ऐन, तेंदू, बांबू पांघरलेल्या. गिर्यारोहकाला इथे आव्हान काहीच नाही. नकाशा करणाऱ्याला मात्र अशा बुटक्या, एकसारख्या आणि झाडांनी झाकलेल्या टेकड्या हिमालयापेक्षा जास्त छळतात, कारण इथे कुठूनच काही दिसत नाही.

तरीही पन्नास वर्षांच्या कोऱ्या जागेचं कारण नुसत्या भूगोलात शोधणं मला पटत नाही. जिथून वसुली व्हायची आणि जिथून फौज जायची, तिथे नकाशा आधी पोचला. हे रान दोन्हींच्या वाटेत नव्हतं.

सुरुवातीची माहिती वाटांचीच होती. जेम्स रेनेल यांनी १७८० च्या दशकात हिंदुस्थानचा जो मोठा नकाशा छापला, त्यात वऱ्हाड, ओडिशा आणि गोदावरी यांच्या मधला प्रचंड तुकडा जवळजवळ मोकळा होता. तिथलं काही कळत नाही, हे त्यांनी लपवलंही नाही. १७९५ मध्ये कॅप्टन ब्लंट नावाचा अधिकारी चुनारहून निघून छत्तीसगड, कांकेर, वैरागड, चांदा असा गोदावरीकडे उतरला. वाटेत काही ठिकाणी त्याला गोंडांशी झटापट करावी लागली. अशा प्रवासात अंतर मोजायचं ते चाकाने. एक माणूस दांड्याला लावलेलं चाक ढकलत चालतो, चाकाच्या फेऱ्या यंत्रात मोजल्या जातात आणि सोबतचा अधिकारी होकायंत्राने दिशा टिपत जातो. वाटेला वळणं किती, नाले किती, मुक्कामाला पाणी कुठे, हे सगळं यातून कळतं. वाटेपासून दोन कोसांवर काय आहे हे मात्र अजिबात कळत नाही. अशा दहा वाटा जोडल्या तरी हाती येतो तो धाग्यांचा गुंता, त्यातून प्रदेश उभा राहत नाही.

१८१८ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल उठला आणि कंपनीची फौज या भागात आली. त्यानंतरची काही वर्षं नागपूरचा कारभार रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांनी हाकला. त्यांचा नागपूर राज्यावरचा जाडजूड अहवाल १८२७ साली छापून निघाला. त्यात परगणे आहेत, जाती आहेत, पिकं आहेत, करांचे तक्ते आहेत. डोंगराळ भाग येतो तो जमीनदाऱ्यांची यादी म्हणून: कोण किती टाकोळी, म्हणजे ठरावीक खंडणी, भरतो, एवढंच. सरकारला जमीनदार माहीत होता. त्याच्या मागचं रान माहीत असण्याची गरजच नव्हती.

याच काळात शास्त्रशुद्ध मोजणी या रानाच्या अगदी जवळून निघून गेली. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ पहिली पायारेषा मोजली आणि तिच्या आधारे त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे न्यायला घेतली. पृथ्वी नेमकी किती चपटी आहे हे काढायचं त्यांच्या डोक्यात होतं. त्यांचा मोठा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, अर्ध्या टनाहून जड होता. तो तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर चढवताना पडला, चेपला, आणि त्यांनी स्वतः तंबूत बसून तो ठोकून-ताणून पुन्हा कामाला लावला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. लॅम्बटन यांचा शेवट विदर्भात झाला. हैदराबादहून नागपूरला मुक्काम हलवत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्यांचं निधन झालं. त्यांची कबर तिथेच आहे. त्यांची साखळी जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे डेहराडूनकडे नेली. ती ७८ व्या रेखावृत्ताच्या आसपासची होती. गोंदिया जिल्ह्यातलं नागझिऱ्याचं जंगल आहे ८० व्या रेखावृत्तावर. या अक्षांशावर दोन अंश म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपास. एवढं अंतर तोडायला आणखी चाळीस वर्षं गेली.

मधल्या काळात बदललं ते जंगलाचं मोल. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले आणि नागपूरचं राज्य खालसा झालं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. पुढच्याच वर्षी रिचर्ड टेम्पल तिथे कारभार बघू लागले आणि त्यांनी माणसं जंगलात पाठवायला सुरुवात केली. कॅप्टन जेम्स फॉरसाइथ यांचं सातपुड्यावरचं १८७१ साली निघालेलं प्रसिद्ध पुस्तक याच मोहिमांतून आलं. ते शिकारकथांसाठी वाचलं जातं, पण त्यामागचा प्रश्न रुक्ष होता: सागवान आणि साल किती शिल्लक आहे? देशभर रूळ अंथरले जात होते आणि रुळांना लाकडी स्लीपर लागत होते. जंगलाला भाव आल्यावर त्याची मोजणी करणं परवडू लागलं.

म्हणून १८६० च्या दशकात ८० व्या रेखावृत्ताच्या बाजूने त्रिकोणांची एक नवी साखळी खाली उतरली. खात्याच्या दप्तरात तिचं नाव जबलपूर मेरिडिओनल सिरीज. वर कलकत्त्याकडे जाणारी आडवी साखळी, खाली बिदरची आडवी साखळी. या दोघींना जोडणारा हा उभा दोर. पूर्वेला ८२ व्या रेखावृत्तावर बिलासपूरचा तसाच दुसरा दोर पडला. ही सगळी मोजणी एकत्र सोडवून १८८० साली एका जाड ग्रंथात छापली गेली. बैलगाडीच्या वाटांनी गुंतलेल्या या मुलखाला पहिल्यांदा न हलणारे बिंदू मिळाले ते असे.

हे बिंदू मिळवायचे कसे? दोन टेकड्यांमधलं अंतर आधीच्या हिशोबातून माहीत आहे असं धरू. दोन्ही माथ्यांवरून तिसऱ्या टेकडीकडे पाहायचं आणि प्रत्येक ठिकाणी कोन मोजायचा. एक बाजू आणि दोन कोन हाती आले की तिसरी टेकडी कागदावर पक्की बसते, तिच्यापर्यंत मोजायची लोखंडी साखळी ओढत नेण्याची गरज उरत नाही. शाळेत ही भूमिती सगळ्यांनी केलेली असते. शाळेत न सांगितलेली गोष्ट अशी, की एवढ्या मोठ्या त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश भरत नाही. जमीन गोल असल्याने ती थोडी जास्त भरते. दर दोनशे चौरस किलोमीटरला साधारण एक सेकंद जास्त, आणि सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. आख्ख्या गोंदिया जिल्ह्याएवढा, म्हणजे सुमारे ५,२०० चौरस किलोमीटरचा त्रिकोण घेतला तर जादा भरतील २६ सेकंद. हा फरक हिशोबात धरावाच लागायचा, इतकं ते काम बारीक होतं.

त्या बारकाव्यासाठी माथ्यावर काय करावं लागे ते पाहा. आधी झाडं तोडून माथा उघडा करायचा. मग खडकावर किंवा खोल रोवलेल्या दगडावर एक वर्तुळ आणि त्याच्या मध्यावर टिंब कोरायचं; तोच खरा बिंदू. त्यावर दगड-चुन्याचा खांब बांधायचा आणि खांबावर थिओडोलाइट ठेवायचा. निरीक्षकाने उभं राहायचा चौथरा खांबाला चिकटू द्यायचा नाही, मध्ये फट ठेवायची. कारण माणसाने एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला तरी यंत्र हलतं. दुसऱ्या माथ्यावर खलाशी, म्हणजे मोजणीखात्याचा गडी, बसलेला असायचा. दिवसा त्याच्याकडे आरसा, सूर्याचा कवडसा नेमका इकडे फेकायचा, रात्री दिवा. प्रत्येक कोन पुन्हा पुन्हा, वर्तुळाच्या वेगवेगळ्या भागावरून घ्यायचा, म्हणजे यंत्राच्या आखणीतली खोट वाटली जाते. उंचीसाठी खालवरचे कोन घ्यायचे ते भर दुपारी, कारण तेव्हा हवेत प्रकाश वाकण्याचं प्रमाण सर्वांत कमी असतं. तीस किलोमीटरवरचा माथा पृथ्वीच्या गोलाईमुळे सत्तरेक मीटर खाली गेलेला असतो, तेही गणितात धरायचं.

समोरच्या माथ्यावरचा तो खलाशी आठवडाभरही तिथेच राहायचा. पाणी खालून आणायचं, वाघ-अस्वलाच्या रानात रात्री दिवा तेवत ठेवायचा, ढग आले तर नुसतं बसायचं. अहवालांत अधिकाऱ्यांची नावं पानोपानी आहेत, खलाशांच्या नावांना मात्र जागा नाही.

मोसम हा खरा वैरी होता. पाऊस संपला की हवा धुतल्यासारखी स्वच्छ होते, पन्नास-साठ किलोमीटरवरचं दिसतं. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरच म्हणजे या झाडीपट्टीत हिवतापाचे महिने. डासांचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिद्ध केला. तोवर सगळे दलदलीच्या वाईट हवेला दोष देत. एव्हरेस्ट तरुण असताना कृष्णा-गोदावरीच्या मधल्या येल्लापुरमच्या जंगलात त्यांच्या जवळपास दीडशे माणसांच्या तुकडीला तापाने झोपवलं होतं. त्यांना स्वतःला तब्येत सुधारायला थेट आफ्रिकेच्या टोकाला जावं लागलं. या एका धड्यामुळे जंगलातलं काम थंडीवर ढकललं गेलं. आणि थंडी सरली की मोहाचा मोसम येतो. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, वणवे पसरतात. मार्चमध्ये गोंदिया-देवरीकडे गेलेल्या कुणालाही ती राखाडी, डोळ्यांना चुरचुरणारी हवा माहीत असेल. त्या धुरातून शेजारची टेकडीसुद्धा पुसट होते. ताप आणि धूर यांच्या मधल्या दोन-अडीच महिन्यांत जे दिसलं ते मोजायचं, राहिलं ते पुढच्या वर्षावर.

असे माथे पक्के झाले. त्यांची अचूकता आजही चकित करते. तीस किलोमीटरवर एका सेकंदाची चूक झाली तर जागा चुकते जेमतेम पंधरा सेंटिमीटरने, म्हणजे वितीपेक्षाही कमी.

पण नकाशा नुसत्या माथ्यांचा होत नाही. खालचा भाग भरायला दुसरी माणसं आली, प्लेन टेबल घेऊन. तिपाईवर सपाट फळा, त्यावर ताणून बसवलेला कागद, कागदावर आधीच टिपलेले दोन-चार माथे. रानात एखाद्या मोकळ्या जागी फळा मांडायचा, माथ्यांवरून आपली जागा काढायची, आणि दिसेल ते तिथल्या तिथे काढायचं: नाला, गाव, पांदण, तलावाची पाळ. प्रमाण एका मैलाला एक इंच. यात पेन्सिलीची बारीक रेघ, पाव मिलिमीटरची, जमिनीवर सोळा मीटर रुंद होते. म्हणजे माथा वितीत आणि नाला सोळा मीटरमध्ये. शिवाय दाट जंगलात ‘दिसेल ते’ म्हणजे फार काही नसतं. बांबूच्या बेटामागे ओढा कुठे वळतो हे दिसत नाही. ते विचारावं लागतं.

म्हणून प्रत्येक तुकडीबरोबर त्या त्या गावचा माणूस असायचा. कधी कोतवाल, कधी मालगुजाराने धाडलेला गोंड किंवा हलबा वाटाड्या. हा ओढा पुढे कुठे मिळतो, या दरीत उन्हाळ्यात पाणी असतं का, त्या टेकडीला काय म्हणतात, पलीकडच्या टोल्याचं नाव काय. विचारणारा बहुधा परप्रांतातला, सांगणारा गोंडी बोलणारा, मधला दुभाष्या हिंदी-मराठी मिसळून समजावणारा, आणि लिहायचं इंग्रजी अक्षरांत. एकाच ओढ्याला वरच्या गावात एक नाव आणि खालच्या गावात दुसरं. फळ्यावर एकच बसणार. ते बहुधा त्या दिवशी सोबत असलेल्या माणसाच्या गावातलं. नकाशाशास्त्राच्या इतिहासात थिओडोलाइटवर प्रकरणंच्या प्रकरणं मिळतात. या विचारपुशीवर परिच्छेदही क्वचितच मिळतो. माझ्या मते जंगलाच्या नकाशातलं निम्मं ज्ञान तरी याच वाटाड्यांचं आहे.

इथल्या माणसांना जमीन वाचता येत होती याचा पुरावा नकाशाहून जुना आहे. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं गॅझेटियरपासून गावकऱ्यांपर्यंत सगळे सांगतात. भोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात, आणि कोलू पाटील आता कोलासूर देव म्हणून तिथल्याच एका टेकडीवर पुजले जातात. हा तलाव कसा झाला ते नकाशावर नीट पाहण्यासारखं आहे. पाण्याची निळी कड वेडीवाकडी, बोटांसारखी टेकड्यांच्या घळींमध्ये शिरलेली. फक्त थोड्या भागात ती सरळ आहे. तेवढीच पाळ. बाकी सगळा बांध टेकड्यांनीच घातला आहे. एवढीशी फट बुजवली तर एवढं मोठं पाणी थांबेल, आणि ते मागच्या दुसऱ्या एखाद्या खिंडीतून निसटणार नाही, हे आधी कळायला हवं. त्यासाठी भोवतालच्या प्रत्येक खिंडीची उंची पाळीच्या उंचीशी ताडून पाहावी लागते. आज आपण हे समोच्चरेषांवरून, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघांवरून, करतो. कोलू पाटलाच्या कोहळी समाजाने ते पावसाळ्यात वाहणारं पाणी बघून केलं असणार. दुसरं साधन त्यांच्याजवळ नव्हतं. पुढे दोनशे वर्षांनी सर्व्हेवाल्याने तिथे समोच्चरेषा काढल्या, तेव्हा त्या कोलू पाटलाच्या अंदाजाशी जुळल्या. तलाव अजून भरतो, याहून वेगळा दाखला काय हवा?

समोच्चरेषा मात्र उशिरा आल्या. एकोणिसाव्या शतकातल्या पत्रकांवर डोंगर म्हणजे काळ्या बारीक रेघांचे फटकारे. चढ दिसतो, उंची कळत नाही. १९०५ पासून सर्व्हे ऑफ इंडियाने रंगीत पत्रकांची नवी मालिका हाती घेतली: तपकिरी समोच्चरेषा, निळं पाणी, हिरवं जंगल, पिवळी शेती, लाल रस्ते. आज आपण ‘टोपोशीट’ म्हणतो ते या मालिकेचं वंशज. स्वातंत्र्यानंतर इंच-मैल जाऊन १:५०,००० प्रमाण आलं, विमानातून घेतलेल्या छायाचित्रांनी प्लेन टेबलची जागा घेतली. नंतरच्या गोष्टी वेगाने घडल्या. २०१७ पासून ही पत्रकं संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येऊ लागली आणि २०२१ मध्ये नकाशांवरची बरीच जुनी बंधनं उठली.

ज्यांनी टोपोशीट हातात घेतलेलं नाही त्यांनी एकदा घ्यावं. नवेगावबांधसाठी ६४ डी/१, गोंदिया शहरासाठी ६४ सी/३, सालेकशासाठी ६४ सी/७. वाचायला थोडी सवय लागते. छोट्या त्रिकोणाच्या बाजूचा आकडा म्हणजे मोजणीचा पक्का बिंदू. नुसत्या टिंबाजवळचा आकडा म्हणजे त्यावरून काढलेली उंची. नाला काळ्या रेघेने दाखवला असेल तर तो कोरडा पडणारा, निळ्याने असेल तर पाणी टिकणारा. गोंदियाच्या पत्रकांवर शेतांच्या मध्ये निळे ठिपकेच ठिपके पसरलेले दिसतात, प्रत्येकाच्या एका बाजूला पाळीची रेघ. हे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. पत्रकाच्या पूर्व कडेला सरकलं की ठिपके विरळ होतात, तपकिरी रेषा दाटतात. दरेकशाजवळ त्या रेषांच्या एका खोबणीतून रेल्वे जाते. नागपूरहून छत्तीसगडकडे १८८० च्या दशकात रूळ नेणाऱ्यांनी हीच खोबण निवडली. जवळच कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला गोंड समाजाचे लोक लांबलांबच्या राज्यांतून तिथे येतात, पारी कुपार लिंगो आणि जंगो यांच्या कथेतली ती गुहा. पत्रकावर या सगळ्याला मिळते एखाद्या खुणेपुरती जागा. हा पत्रकाचा दोष नाही. त्याचं ते कामच नव्हे.

नागझिऱ्याची गंमत वेगळी. पूर्व रेखांश ८० आणि उत्तर अक्षांश २१ अंश १५ मिनिटं हा बिंदू त्या जंगलातच येतो, आणि पत्रकांच्या मांडणीत तो चार पत्रकांचा कोपरा आहे: ५५ ओ/१५, ५५ ओ/१६, ६४ सी/३, ६४ सी/४. त्यामुळे १९७० साली अभयारण्य झालेलं, २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग असलेलं हे जंगल एका कागदावर कधी मावतच नाही. वनरक्षकांच्या चौकीत चार पत्रकं कडा कापून चिकटवलेली असतील तर त्याचं कारण हे.

या सगळ्या रेघांपैकी माणसांच्या आयुष्यात सर्वांत खोल गेली ती जंगलाच्या हद्दीची रेघ. १८७८ च्या वन कायद्याने सरकारी जंगलाभोवती ती आखायला जोर आला. मध्य प्रांतात मात्र डोंगराळ भागाचा मोठा हिस्सा जमीनदाऱ्यांत होता. आमगाव, सालेकसा, दरेकसा, चिचगड, पळसगाव-पालांदूरकडची रानं जमीनदारांच्या ताब्यात राहिली आणि तिथल्या नोंदी निराळ्या पद्धतीने झाल्या. १९५१ मध्ये जमीनदारी-मालगुजारी गेली तेव्हा हे सगळं एकदम सरकारकडे आलं, ज्या नोंदी होत्या त्यांच्यासह. जुन्या महसुली कागदांतली ‘झुडपी जंगल’ ही नोंद याच वारशातली. गोंदियासह पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत या जमिनी वन की महसूल यावर दशकानुदशकं भांडण चाललं आणि ते मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत गेलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुण्या कारकुनाने एका रकान्यात काय लिहिलं, यावर आज शाळेची इमारत वैध की अवैध ते ठरतं.

२००६ च्या वनहक्क कायद्यानंतर हद्दीचं काम पुन्हा गावात आलं, आणि या वेळी यंत्र गावकऱ्यांच्या हातात होतं. सामूहिक वनहक्काचा दावा करायचा तर ग्रामसभेला आपली हद्द दाखवावी लागते. लोक जीपीएस घेऊन हद्दीवरून चालतात, जागोजागी बिंदू नोंदवतात. मग ते बिंदू जुन्या टोपोशीटवर ठेवले की एक विचित्र प्रकार दिसतो: सगळी हद्द एका बाजूला सरकलेली. ओढ्याच्या काठाने चाललो होतो, बिंदू पडले पलीकडच्या शेतात. चालणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं. जुनी पत्रकं एव्हरेस्ट यांनी १८३० च्या सुमारास पृथ्वीचा जो आकार धरला त्यावर बेतलेली आहेत, जीपीएस आजच्या उपग्रहांनी ठरवलेल्या आकारावर. या भागात दोघांमधला फरक शे-दोनशे मीटर येतो. कागदावर तो दोन-चार मिलिमीटर; जमिनीवर एक अख्खं धानाचं बांधी-शेत इकडचं तिकडे. गणिताने तो काढून टाकता येतो, पण तो आहे हे माहीत असायला हवं. नाहीतर वनखात्याचा कर्मचारी आणि ग्रामसभेचा सचिव दोघंही आपापल्या नकाशावर बोट ठेवून प्रामाणिकपणे भांडत राहतात.

कायद्याच्या नियमावलीने यातून निघायला वाट ठेवली आहे. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात गॅझेटियर आहेत, बंदोबस्ताचे अहवाल आहेत, नकाशे आणि उपग्रह-चित्रं आहेत. त्याच यादीत विहिरी, स्मशानं, देवस्थानं आहेत, आणि दावा न करणाऱ्या वयस्क माणसाने सांगितलेलं आणि लिहून घेतलेलं निवेदनही आहे. यातला एकच पुरावा पुरत नाही, एकापेक्षा जास्त लागतात. सामूहिक वनक्षेत्राच्या दाव्याचा नमुना ‘सी’ भरताना शेजारची गावं कोणती तेही लिहावं लागतं. म्हणून हद्दीवरून चालायच्या दिवशी शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्यांना बोलावलेलं बरं. अमुक मोहाच्या झाडापर्यंत तुमचं, त्या दगडापासून आमचं, हे दोन्हीकडच्यांनी एकत्र उभं राहून सांगितलं आणि तिथेच सह्या-अंगठे झाले, तर पुढे उपविभागीय समितीपुढे फाइल अडकण्याचं एक मोठं कारण कमी होतं.